कोमट पाण्यातली माणसं

दसरा जवळ आला, की नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आमच्या गॅलरीतही मला छाटणीचा वास येतो. नवरा म्हणतो, इथं कुठल्या आल्यात बागा, तुला भास होतो. असेल भास. पण पाऊस सरून ऊन करकरीत झालं, की मी सकाळी कपडे वाळत घालताना मध्येच थांबते आणि नाक वर करून हुंगते. कापलेल्या हिरव्या काडीचा कच्चा वास, त्याच्यामागून औषधाचा एक उग्र, घशाला लागणारा वास. तो आला की त्या दिवशी माझा स्वयंपाक बिघडतो, आणि घरातले सगळे मुकाट्याने जेवतात.

लोकांना द्राक्ष म्हटलं की घड आठवतात. मला उघड्या काड्या आठवतात. छाटणीच्या सकाळी बाग गच्च हिरवी असते. बायामाणसं कात्र्या घेऊन शिरतात आणि दिवस कलेपर्यंत आत शिल्लक राहते ती तारांवर हात पसरलेली लाकडं. लहानपणी दिंडोरीकडच्या आमच्या मळ्यात मी त्या संध्याकाळी बागेत एकटी जात नसे. कुणी काही सांगितलेलं नव्हतं, भूतबीत काही नव्हतं. पण इतकं सगळं एका दिवसात नाहीसं होतं, तिथं आपण थांबू नये असं वाटायचं.

यंदा ओजसनं हा सगळा मोसम घरात आणून ठेवला. माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे आणि त्याला हल्ली खेळणी आहेत तशी आवडत नाहीत. प्लॅस्टिकच्या दोन बाहुल्या घ्यायच्या, ह्याचे हात त्याला, त्याचं डोकं ह्याला, मग रंगवून तिसराच कुणी उभा करायचा, हे त्यानं इंटरनेटवर वाचलं. रविवारी त्यानं माझ्याकडे गरम पाणी मागितलं. उकळतं नको म्हणाला, हातमोजे लागतील म्हणाला. "आई, आधी सांधा मऊ होऊ द्यायचा. मग हळूहळू फिरवायचं. ओढायचं नाही," असं तो मलाच शिकवायला लागला. मला हसू यायला हवं होतं. मी पाण्यात बोट बुडवून ते किती तापलंय ते दोनदा बघितलं.

हे सगळं मला भाऊकाकानं शिकवलं होतं, ओजसच्या जन्माच्या कितीतरी आधी, नव्वदच्या दशकात, घरात कॉम्प्युटर सोडा, धड फोनही नव्हता तेव्हा.

भाऊकाका म्हणजे माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ. वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. दोघं भाऊ एकाच घरात, एकाच चुलीवर. बाग दोघांची. अण्णा उंच, कमी बोलणारे, व्यवहार बघणारे. काका बुटका, सारखा काहीतरी गुणगुणणारा. दिवाळीत अख्ख्या गावाची पोरं किल्ले करायची, पण आमच्या किल्ल्याकडे मोठी माणसंही वाट वाकडी करून यायची, कारण आमच्या किल्ल्याच्या पायथ्याशी चक्क द्राक्षाची बाग असे आणि तिच्यात माणसं कामाला असत. पाठीवर पंप घेतलेला गडी, कात्री धरलेली बाई, बिडी पेटवायला खाली बसलेला म्हातारा. ही माणसं मातीची नव्हती. काका नाशिकला गेला की भद्रकालीच्या बाजारातून मोडकीतोडकी प्लॅस्टिकची खेळणी पिशवीभर घेऊन येई. बंदूकधारी परदेशी शिपाई, टोपीवाले घोडेस्वार, हात वर केलेले कुस्तीगीर. त्यांचे सांधे सोडवून तो त्यांना आमच्या गावात कामाला लावायचा. काकू म्हणायची, बरं झालं, रोजाला माणूस मिळत नाही तर ह्यांनी विलायतेहून आणलीत.

त्याची पद्धत मला अजून पाठ आहे. स्वयंपाकाचं भांडं घ्यायचं नाही. त्यासाठी पोचे आलेलं एक जुनं पातेलं वेगळं ठेवलेलं असे. हातात घेतलेलं बाहुलं आधी नुसतं फिरवून बघायचं. पाठीत स्क्रू आहे का, कंबरेशी शिवण आहे का, हात खुंटीवर आहे की डिंकावर. "जोड कुठं हाय ते कळल्याशिवाय हात घालायचा नाय, पोरी," एवढंच तो म्हणायचा. मग पाणी तापवायचं, कोमटाच्या जरा वर. बाहुलं त्यात बुडवून गप्प बसायचं. इथं माझा धीर सुटायचा. काका गुणगुणत बसे. मग बाहेर काढून, फडक्यात धरून, खांदा इकडून तिकडे, तिकडून इकडे हलवायचा, आणि एका क्षणी हात आपणहून निघून यायचा. आवाजसुद्धा व्हायचा नाही. गार असताना ओढलं तर खुंटी आत मोडते आणि मग ते बाहुलं जन्माचं गेलं. पातं वापरायचं तर स्वतःपासून लांबच्या बाजूला, आणि तळहातावर धरून कधीच कापायचं नाही. जुना रंग पुसायला स्पिरिट; पण तेव्हा दार उघडं, चूल-दिवा लांब, मला उंबऱ्याबाहेर बसवलेलं. शेवटी हात साबणानं दोनदा धुवायचे. त्या प्लॅस्टिकच्या शिपायांच्या जिवाला काका जितका जपायचा, तितकं त्या घरात कुणी कुणाला जपत नव्हतं.

आणि हाच माणूस दिवसा बागेत उघड्या हातांनी पेस्ट लावायचा.

पेस्ट म्हणजे छाटणीनंतर काडीच्या डोळ्यांना, जिथून कोंब फुटतात त्या जागांना, लावायचं औषध. ते लावलं की सगळे डोळे एकदम फुटतात. कुठली काडी झाली, कुठली राहिली ते कळावं म्हणून त्यात लाल रंग कालवायचे. स्पंज बुडवायचा आणि एकेका डोळ्याला टिपायचा. संध्याकाळी लावणाऱ्याचे हात कोपरापर्यंत लाल. दुकानदार बाटलीबरोबर हातमोजे द्यायचा, पण त्यात घाम येतो, काडी हाताला कळत नाही, म्हणून ते खुंटीवर टांगलेले असायचे. दुकानदार आणखी एक गोष्ट बजावून सांगायचा. पेस्ट लावणाऱ्यानं पुढचे काही दिवस दारूला शिवायचं नाही. ते औषध अंगात असताना दारू पोटात गेली, की माणसाचं तोंड रक्तासारखं लाल होतं, छाती धडधडते, ओकाऱ्या होतात. गावानं असे गडी पाहिलेले होते. संध्याकाळी बांधावर लोळलेले, सकाळी पुन्हा कामावर आलेले. लोक हसायचे. देवानं हातोहात शिक्षा दिली म्हणायचे.

म्हणून पेस्टचं काम काकाकडे. आमच्या भागात दारूच्या थेंबालाही न शिवणारा तो एकच भरवशाचा गडी होता.

ह्यामागची गोष्ट घरात कुणी बोलायचं नाही, पण सगळ्यांना ठाऊक होती. माझे आजोबा दारूनं गेले. अण्णांनी मिसरूड फुटायच्या वयात त्यांना पारावरून, गटारीतून, परक्यांच्या ओट्यांवरून उचलून आणलं होतं. आजोबांच्या दहाव्याला नाशिकला गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, दोघा भावांनी ओल्या अंगानं शपथ घेतली, की आपल्या घरात पुन्हा हे होणार नाही. काकानं शपथ घेतली आणि तो ती विसरून गेला, कारण त्याला प्यायचीच नव्हती. अण्णा मात्र ती रोज राखत बसले. काका दिंडोरीहून, लग्नाहून, जत्रेहून आला, की अण्णा काहीतरी निमित्त काढून त्याच्याजवळ जायचे, पाण्याचा तांब्या द्यायचे, आणि नकळत वास घ्यायचे. काकाला ते कळायचं. तो मुद्दाम तोंड उघडून मोठ्यानं "रामराम अण्णा" म्हणायचा. आम्ही पोरं हसत असू. अण्णा कधी हसल्याचं आठवत नाही.

त्या वर्षी छाटणी उशिरा झाली. दिवाळी तोंडावर आलेली आणि बाग अजून अर्धी. काका दिवसभर पेस्ट लावी आणि दिवस कलला की पडवीत पातेलं घेऊन बसे. तो थकला होता. डोळे खोल गेले होते. काकू त्याच्यावर करवादायची, की अंगात जीव नाही आणि बाहुल्यांशी काय खेळताय. तो म्हणे, एवढी एक कात्रीवाली झाली की किल्ला पुरा. त्या संध्याकाळी हवा फार स्तब्ध होती हे मला पक्कं आठवतं. छाटलेल्या काड्यांचे ढीग बांधावर पडलेले, आणि कुठं पानच उरलं नव्हतं, म्हणून वारा असता तरी कळला नसता.

मी उंबऱ्याबाहेर होते. काकानं एका घोडेस्वाराचा रंग स्पिरिटनं पुसला, टोपी कापली, त्याला पातेल्यात सोडलं. मग हात धुऊन तो आत गेला, बाहेर आला, पुन्हा बसला. घोडेस्वाराचा खांदा त्यानं फडक्यात धरला आणि थांबला. मला वाटलं, पाणी गार झालं असेल. त्यानं मान वर केली तेव्हा त्याचं तोंड लाल होतं. उन्हानं होतं तसं नाही. कानापासून गळ्यापर्यंत कुणी रंग फासल्यासारखं. तो मला काहीतरी सांगायला गेला आणि त्याला दम लागला. बसल्या जागी तो कुशीवर कलंडला आणि पातेलं लवंडून पाणी माझ्या पायापर्यंत आलं.

मी ओरडले. काकू धावत आली, मग गोठ्यातून अण्णा. दोघांनी त्याला बाजेवर घेतलं. त्याची छाती शर्टाखाली उडताना दिसत होती. तो तोंड उघडून श्वास ओढत होता आणि श्वास त्याला पुरत नव्हता. अण्णांनी त्याचे हात धरले, आणि मी पाहिलं की त्यांचं नाक किंचित फुललं. हातांना धुऊनही स्पिरिटचा वास होता. मी म्हटलं, अण्णा, तो खेळण्यांचा वास आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते खाली वाकले आणि त्यांनी काकाच्या तोंडाचा वास घेतला. आयुष्यभर तांब्याच्या आडून जे केलं ते उघडउघड केलं.

तोंडालाही वास होता. आंबूस, गोडसर.

अण्णा सरळ उभे राहिले. त्यांचा चेहरा मी तसा नंतर कधी पाहिला नाही. राग असता तर बरं झालं असतं. ते इतकंच म्हणाले, "प्यायलाय. पडू दे. सकाळपर्यंत उतरल." आणि ते पडवीच्या पायरीवर बाजेकडे पाठ करून जाऊन बसले.

आजही मी अडते ती ह्या जागी. दारात जीप उभी. दिंडोरी काही लांब नाही. बाजेवर काकाचा श्वास करवतीसारखा चाललेला. आणि घरातला एकमेव गाडी चालवणारा माणूस पायरीवर बसून रिकाम्या बागेकडे बघतोय. गड्यांचं होतं तसं ह्याचं होईल, भोगू दे, असं त्यांना वाटलं असणार. ते दुष्ट नव्हते. ते त्या क्षणी पुन्हा मिसरूड फुटलेले पोर झाले होते आणि बाजेवर त्यांना त्यांचा बाप दिसत होता. हे मला आता कळतं. तेव्हा मला फक्त काकाच्या ओठांचा रंग बदलताना दिसत होता.

काकू रडत नव्हती. ती म्हणत होती की हे शक्य नाही, घरातून कुठं गेलेलेच नाहीत, बागेतून आले, हात धुतले, चहा घेतला, बाहुल्या घेऊन बसले, मघाशी आत आले तर मी औषध दिलं. एवढं बोलून ती थांबली. तशीच आत गेली आणि फडताळातली तपकिरी बाटली घेऊन आली. द्राक्षासव. थकवा जावा, अंगात रक्त भरावं म्हणून तिनं दिंडोरीहून आणलं होतं. दोन चमचे घ्यायचं. तिनं अर्धा पेला दिला होता, लवकर गुण यावा म्हणून. आमच्याकडे कुणाच्याही मनात आलं नसतं. बाळंतिणीला देतात, म्हाताऱ्यांना देतात, आपल्याच द्राक्षाचं असतं. ते मुरवून केलेलं असतं आणि मुरल्यावर त्यात काय तयार होतं, हा विचार द्राक्षं पिकवणाऱ्या आमच्या घराला कधी शिवला नव्हता.

अण्णांनी बाटलीचं बूच काढलं आणि वास घेतला. तोच वास. बाटली त्यांनी काकूच्या हातात कोंबली. पुढचं सगळं फार वेगानं झालं. काकाला त्यांनी एकट्यानं उचललं, पोतं उचलावं तसं नाही, लहान मूल उचलावं तसं. जीप पायरीला घासून गेली. काकू मागे काकाचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, आणि दिवे लागायच्या वेळेला आमच्या घरात मी आणि ओली पडवी एवढंच उरलं.

दिंडोरीच्या डॉक्टरांनी म्हणे पहिला प्रश्न विचारला, आज बागेत काय केलं. मग लाल नखं बघितली आणि बाटली मागितली. ऑक्सिजन लावला, सलाईन लावलं. नाडी हाताला लागत नव्हती. पेस्ट लावणाऱ्याला ह्यातला घोटही चालत नाही, आणखी उशीर झाला असता तर मी काही करू शकलो नसतो, असं त्यांनी अण्णांना सांगितलं. अण्णा रात्रभर काकाच्या खाटेशी उभे होते, असं काकू सांगते.

काका वाचला. पाच-सहा दिवसांनी घरी आला, वाळलेला, हळू चालणारा. घर आनंदात होतं. अण्णा स्वतःच्या हातानं त्याला मोसंबी सोलून देत होते. मला सगळं पूर्ववत झाल्यासारखं वाटलं. फक्त किल्ल्यातली कात्रीवाली राहिली होती. मी ते बाहुलं काकापुढे नेलं. काकानं ते घेतलं, फिरवून बघितलं आणि परत माझ्या हातात दिलं. तेव्हा अण्णा म्हणाले, आण इकडं, मी करतो. त्यांनी खांदा धरला आणि ओढला. गार प्लॅस्टिक ते. कट्‌कन आवाज झाला. अण्णा हातातला तुटका तुकडा बघत राहिले. काका म्हणाला, असू दे अण्णा, आणि डोळे मिटून घेतले.

त्यानंतर काही महिने काही झालं नाही, आणि मला त्या काही न होण्याचीच भीती वाटत राहिली. काका पुन्हा बागेत जायला लागला. हसायचा. पण गुणगुणणं गेलं होतं. बाहेरून आला की "रामराम अण्णा" म्हणायचा नाही, आणि अण्णाही तांब्या घेऊन जवळ जायचे नाहीत. दोघं एकमेकांशी फार गोड बोलायला लागले होते. आमच्या घरात इतकं गोड कुणी कधी बोलत नसे.

मग माल निघून गेल्यावर काकानं मळ्याच्या दुसऱ्या टोकाला दोन खोल्या बांधायला काढल्या. आधी म्हणाला, औषधं ठेवायला. मग एक बाज गेली. काकूची भांडी एकेक करून गेली. उन्हाळ्यात उकडतं म्हणून तिकडेच झोपायला लागले. पावसाळ्यात तिकडे चूल मांडली, इथवर यायला चिखल होतो म्हणून. कुणी भांडलं नाही, पंच बसले नाहीत, गावाला तमाशा दिसला नाही. अख्ख्या तालुक्यात भाऊबंदकी कोर्टात सडत असताना आमची वाटणी कधी झाली ते आम्हालाही कळलं नाही. लोक अजून उदाहरण देतात, भाऊ असावेत तर असे.

खूप वर्षांनी, माझ्या लग्नानंतर, एकदा छाटणीच्या दिवसांत मी काकाच्या त्या दोन खोल्यांत बसले होते. मी विचारलं, त्या दिवशी तुला किती त्रास होत होता, काही आठवतं का. तो म्हणाला की जीव जाताना कान लय शाबूत असतात. मग त्यानं चहाचं आधण ठेवलं.

"पडू दे म्हणाला, त्याचं नाय एवढं. त्यानं बाप भोगलाय," तो म्हणाला. "पण आसवाची बाटली निघाली म्हणून मला नेलं, पोरी. खरंच प्यायलो असतो, तर?"

त्यानं माझ्या पुढ्यात चहा ठेवला आणि विषय बदलला.

अण्णा आता थकले आहेत. दर छाटणीला पेस्ट सुरू झाली, की ते काठी टेकत मळ्याच्या त्या टोकापर्यंत जातात, काकाच्या दारात उभे राहतात आणि हातमोजे घातलेत का विचारतात. काका म्हणतो, घातलेत, या, बसा. ते बसत नाहीत. मी इथून रोज संध्याकाळी काकाला फोन करते. फोन वाजत राहतो तेवढ्या वेळात मी सगळं पुन्हा बघते: बाज, पायरी, पायरीवरची ती पाठ. मग काका फोन उचलतो आणि मी विचारते, जेवलास का.

परवा रविवारी फोन ठेवून मी आत आले तेव्हा ओजस पाण्यातून त्याचा शिपाई काढत होता. फडक्यात धरून त्यानं खांदा हलवला, इकडून तिकडे, तिकडून इकडे. मी दारातच उभी राहिले. हात निघून आला, आवाज न होता.

"बघ आई," तो म्हणाला, "कुठंच काही मोडलं नाही."

मी दोन्ही तुकडे हातात घेऊन उजेडात फिरवून पाहिले. खरंच, कुठं साधा ओरखडाही नव्हता.